भोईर सरांचं जेवण

भोईर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गातल्या पोरापोरींना थुंकायला लावत होते.

माझा कॉलेजातला तो पहिलाच दिवस. भिवंडीत, नारपोलीच्या अंगाला आमचं ज्युनिअर कॉलेज. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यामुळे शिकवणाऱ्याला खटखटाटाच्या वर आवाज चढवूनच बोलावं लागे. मी मराठी शिकवायला रुजू झाले होते. स्टाफरूम शोधत निघाले आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात थबकले. आत अकरावीची मुलं रांगेनं उभी, प्रत्येकाच्या हातात परीक्षानळी, आणि त्यांच्यासमोर एक बुटका, गोल, काळासावळा माणूस खणखणीत आवाजात ओरडत होता, "चूळ भरलीत ना? मग लाजताय काय? थुंका! एवढ्यानं काय होतंय? चिंच आठवा, चिंच!"

डोक्यावरून ओढणी घेतलेल्या दोघी-तिघी एकमेकींच्या आड होऊन हसत होत्या. एका मुलाला ठसका लागला होता. तेवढ्यात वीज गेली. आजूबाजूचे सगळे लूम एका दमात बंद पडले आणि त्या शांततेत सरांचा चढवलेला आवाज रस्त्यापर्यंत गेला, "थुंका म्हणतोय ना मी!"

खाली चहाच्या टपरीवरची माणसं वर बघायला लागली. मी पदर सावरून तिथून सटकले. कसल्या कॉलेजात येऊन पडलेय, असं मनात आलं.

दुपारी स्टाफरूममध्ये तेच सर माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सकाळी दारातून पळालात. निकाल बघायला तरी थांबायचं होतं."

निकाल त्यांनी मला डबा उघडायच्या आधी सांगितला. सूत मागावर ताणण्याआधी त्याला खळ देतात, म्हणजे स्टार्चची पेज. भिवंडीत ती काही नवलाची वस्तू नाही. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातून सरांनी बाटलीभर खळ आणली होती. तिच्यात आयोडीन टाकलं की ती काळीनिळी होते. पण आधी तिच्यात लाळ मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवली, तर थोड्या वेळानं आयोडीन टाकूनही निळा रंग येत नाही. खळ संपलेली असते. तिची साखर झालेली असते.

"जोडताना पाणी बाहेर, तोडताना पाणी आत," सर म्हणाले. हे त्यांचं पालुपद होतं. नंतर ते मी इतक्यांदा ऐकलं की मराठीचा तास घेतानाही भिंतीपलीकडून कानावर यायचं. "झाड साखरेच्या कणाला कण जोडून स्टार्च करतं. प्रत्येक सांध्याला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आपण भात खातो तेव्हा त्याच प्रत्येक सांध्यात पाण्याचा एकेक रेणू परत घालावा लागतो, तेव्हा तो तुटतो. भात, डाळ, तूप, सगळ्यांना कायदा एकच."

"मग नुसता पाण्यात भिजवून ठेवलेला भात गोड का होत नाही?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावर थाप मारली. "वा! पाणी तर सगळीकडे आहे हो. पण ते नेमकं त्या सांध्यात घालणारं कुणीतरी लागतं. एन्झाइम. तुमच्या मराठीत काय म्हणतात?"

"विकर."

"विकर की विकार?"

"विकर, सर."

"जागा चुकली की विकराचा विकार व्हायला वेळ लागत नाही," असं म्हणून ते स्वतःच हसले आणि जेवायला लागले.

त्यांचं जेवण हा मला त्या दिवशी बसलेला दुसरा धक्का. चार खणांचा डबा, वर फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. समोर रसायनशास्त्राचे मोमीन सर, उंच, सडसडीत, पांढऱ्या दाढीचे. दोघांनी आपापले डबे एकाच मोठ्या ताटलीत पालथे केले आणि बोलत बोलत ती ताटली साफ केली. भोईर सर माळकरी. काल्हेरचे आगरी, घरात भाऊ, वहिन्या, पुतणे, सगळे मासळीवर वाढलेले. पण आईनं लहानपणी यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि यांनी ती पाळली. आई आणि हे, दोघांची चूल बाकीच्यांपासून वेगळी. आणि मोमीन सर, ज्यांच्या घरी मटणाशिवाय पाहुणचार होत नसे, ते गेली कित्येक वर्षं कॉलेजच्या दिवशी डब्यात फक्त शाकाहारी आणत होते. त्यांच्या बेगमनं त्यासाठी वेगळी कढई ठेवली होती. हे मला इतर शिक्षकांकडून कळलं. ते दोघं त्याबद्दल कधी बोलत नसत.

त्या थुंकीच्या प्रयोगाचा गवगवा झाला तो आठवड्याभरानं. कुणा पालकानं तक्रार केली आणि संस्थेचे एक विश्वस्त, ज्यांना सगळे शेठ म्हणत आणि ज्यांच्या मालकीचे दोन-तीन लूमचे कारखाने होते, ते थेट प्रयोगशाळेत आले.

"मास्तर, मुलींना थुंकायला लावता? लोक काय म्हणतील?"

"शेठ, रंगाईला देण्याआधी कापडातली खळ कशी काढता?"

"प्रोसेसवाला काढतो. कसली तरी पावडर टाकतो."

"ती पावडर म्हणजे हेच. फक्त माणसाच्या तोंडातलं नसतं, जंतूंकडून करून घेतलेलं असतं. तुमचा धंदा थुंकीवर चाललाय."

दाराशी जमलेले आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघायला लागलो. शेठ लालबुंद झाले. भोईर सरांनी मात्र एक कोरी नळी त्यांच्यापुढे धरली. "विश्वास नाही ना? या. आधी तोंडातलं पान थुंकून टाका आणि चूळ भरा, नाहीतर रंग कळायचा नाही."

आणि शेठ थुंकले! सगळ्या वर्गादेखत, कोपऱ्यात तोंड करून, पण थुंकले. नळी कोमट पाण्यात ठेवली. शेठ घड्याळ बघत, घाम पुसत उभे. आयोडीनचा थेंब पडला आणि निळा रंग काही आला नाही. शेठनी नळी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "अरे, माझीपण चालते!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. तक्रार तिथंच मिटली.

असा तो माणूस. काल्हेरच्या भातशेतांवर तेव्हा भराभरा गोडाऊनं उभी राहत होती. सरांच्या भावांनी जमिनी देऊन बंगले बांधले, गाड्या घेतल्या. भाऊ म्हणत, "दादा, सोड ती मास्तरकी." सर जुन्या स्कूटरवरून, ट्रेलरच्या रांगांतून वाट काढत रोज येत. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं की म्हणत, "आईच्या हातचं जेवण सुटेल."

मला तिथं येऊन बरीच वर्षं झाल्यावर एकदा ते कोसळले, तो दिवस परीक्षेचा होता. वर्गावर देखरेख करत होते. शेजारच्या खोलीत मी होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग मुलांचा गलका. धावत गेले तर सर टेबलावर पालथे वाकलेले, दोन्ही हात पोटात खुपसलेले, चेहरा राखेसारखा. मोमीन सर पाठोपाठ आले. "भोईर! क्या हुआ?"

"पोटातून पाठीत चाललंय," सर दातओठ खात म्हणाले. "मोमीन, आडवं झोपवू नको. वाकूनच राहू दे." आणि मग, मुलांकडे बघून, "पेपर लिहा रे. वेळ चाललाय."

ठाण्याच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना नेलं. मी आणि मोमीन सर भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी, हातात सलाईन, ओठ सुकून पापुद्रे आलेले. धाकटा भाऊ, हरिश्चंद्र, दाराशी उभा. मला वाटलं होतं, सर झोपलेले असतील. त्यांनी डोळे उघडले आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "स्वादुपिंड. बघा मॅडम, नाव किती गोड."

"बोलू नका सर."

"पित्ताचा खडा आडवा गेलाय. रस बाहेर पडायला वाट नाही. आतड्यात गेल्यावर जो जागा व्हायचा तो घरातच जागा झाला." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "स्वतःलाच पचवतंय ते. मला."

हरिश्चंद्रनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, काय बोलतो हा? तापात बोलतो का?"

मोमीन सरांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. "ताप नहीं. सही बोल रहा है."

मी तिथून बाहेर आले आणि जिन्यात बसले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते, तोडताना पाणी आत. ते मला कायम शेतातल्या, ताटातल्या गोष्टीसारखं वाटायचं. तोच कायदा त्या क्षणी त्या माणसाच्या पोटात, त्याच्या स्वतःच्या मांसावर चालू होता, आणि त्याला ते जागेपणी, पायरी-पायरीनं ठाऊक होतं. मला कळेना की हे माहीत असणं चांगलं की वाईट.

ऑपरेशन झालं. स्वादुपिंडाचा मोठा भाग सडून गेला होता, तो काढला. सर वाचले. आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात काढून घरी आले.

पुढचा धक्का काल्हेरच्या त्यांच्या घरी बसला. आम्ही शिक्षक मिळून भेटायला गेलो होतो. मोमीन सरांच्या घरी लग्न होतं म्हणून ते नव्हते. ओटीवर कॉटवर कुणी म्हातारा बसलेला दिसला. मी त्यांच्या काकांना म्हणून नमस्कार केला. ते सर होते. गाल आत गेलेले, मनगटाची हाडं वर आलेली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. पुढ्यात जेवणाचं ताट. भात, वरण, वर तुपाची धार. आई शेजारी बसून वाढत होती. सर जेवत होते, पहिल्यासारखेच मन लावून जेवत होते.

"ह्यो खातो, खातो न अंगाला काय लागत न्हाय," आई म्हणाली. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, कपाळावर बुक्का. "सगला जसाच्या तसा जातो."

सरांनी आम्हाला सांगितलं, तेही घास घेता घेता, की पचवणारा रसच उरलेला नाही. पोट भरतं, पण आतडं उपाशी राहतं. डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सुल दिल्या होत्या. त्या उशाशी पडून होत्या, उघडलेल्याही नव्हत्या. त्याऐवजी ते बुरशीपासून केलेल्या कसल्या गोळ्या घेत होते, पण त्यांनी भागत नव्हतं.

"मग त्या का घेत नाही?" आमच्या भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

हरिश्चंद्र घाईघाईनं मध्ये पडला. "घेईल, घेईल. दादा, आता तो विषय नको."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हातातला घास ताटात ठेवला. "आये," ते म्हणाले, "त्या गोळ्या डुकराच्या आहेत."

हरिश्चंद्रनं कपाळावर हात मारला. त्या घरात, त्या आईसमोर, तो शब्द जेवणाच्या ताटाशेजारी पडला होता.

आईनं पळी खाली ठेवली. "डुकराचा काय?"

"माझ्या पोटातला जो तुकडा काढला ना, तोच त्याचा. सुकवून पावडर करतात. माणसाच्या जवळचा तोच आहे. त्यानं अन्न फुटतं."

"न खाल्ला तर?"

"आहे हे असंच. मग संपेल."

म्हातारीनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मला वाटलं, ती उठून आत जाईल. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "तू आवरासा, बारका व्हतास. ताप आयलेला. पेजपन पोटान ठरं ना. तवा मी भाकर चावायची न तुजे तोंडान घालायची. माजा उष्टा खाऊन जगलास."

"आये, तू आई आहेस."

"मंग?" ती म्हणाली. "तो जीव न्हाय? तो पन चावूनच देतो न."

तिनं हात पुढे केला. सरांच्या गळ्यातली माळ चाचपली आणि डोक्यावरून वर काढली. सरांनी तिचं मनगट धरलं. "आये, नको."

"मी घातलेली, मीच काढतंय," ती म्हणाली. "पाप मना लागंल. तू खा."

माळ तिनं देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, परत आली, उशाशी पडलेली कॅप्सुलची डबी उचलली आणि तिला झाकण उघडता येईना म्हणून ती माझ्यापुढे धरली. मी ती उघडली. इतकी वर्षं मासळीलाही न शिवलेल्या त्या बाईनं कॅप्सुल चिमटीत घेऊन मुलाच्या तळहातावर ठेवली. सर तिच्याकडे बघत होते. त्यांनी ती गिळली आणि घास उचलला. मी माझ्या आयुष्यात कुणाला इतकं हमसाहमशी रडत जेवताना पाहिलेलं नाही.

काही महिन्यांनी सर कॉलेजला परत आले. पूर्वीसारखे गोल नाही, पण माणसात आलेले. दंडात इन्सुलिनची सुई, खिशात कॅप्सुलची डबी. आवाज तोच. पण दुपारची सुट्टी झाली की ते स्टाफरूममध्ये येईनात. प्रयोगशाळेत दार लोटून एकटेच जेवत.

मोमीन सर रोज डबा घेऊन बसत, दाराकडे बघत, आणि शेवटी अर्धा टाकून उठत. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, तुम्ही खरं सांगा. भोईर माझ्यावर नाराज आहे का? माझ्याकडून काही चुकलं?"

"नाही सर. तसं काही नाही."

"मग माझ्याबरोबर का जेवत नाही?"

मला ठाऊक होतं. त्या दिवशी ओटीवर असलेल्या आम्हा सगळ्यांना सरांनी बजावलं होतं, "मोमीनला सांगू नका. त्याच्या ताटलीत माझा हात जातो. त्याला कळलं तर तो नाही म्हणायचा नाही, न सांगता सोसेल. त्यापेक्षा मीच लांब बसतो." मी हातातली हजेरी चाळत राहिले. मोमीन सर जिना उतरून गेले. त्यांची पाठ मला फार म्हातारी वाटली.

भोईर सरांना लपवाछपवी जमणारी नव्हती. त्यांना ती पचली नाही म्हणा. बारावीच्या वर्गाला प्रथिनांचं पचन दाखवायचा तास होता. माझा तास मोकळा होता म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. त्यांचे प्रयोग बघायची मला आता चटक लागली होती. त्यांनी दोन नळ्यांत दुधाच्या पावडरीचं पाणी केलं, पांढरंफेक. खिशातून डबी काढली. एक कॅप्सुल उघडून तिच्यातले बारीक दाणे खलात कुटले, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी घातलं, आणि ते एका नळीत ओतलं. मुलं पुढे सरकली. हळूहळू त्या नळीतलं दूध विरळ होत गेलं. पांढरेपणा सरला आणि नळीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं दिसायला लागली. दुसरी नळी होती तशीच.

"दुधातली प्रथिनं कुठं गेली? कुठंही नाही. सांध्यासांध्यात पाणी शिरलं. तुटली. आता ती इतकी लहान झालीत की शरीर त्यांना आत घेईल आणि पुन्हा जोडून तुमचं मांस करील. जोडताना?"

"पाणी बाहेर," वर्ग म्हणाला.

"सर, ही पावडर कशाची?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं.

सर थांबले. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"डुकराच्या स्वादुपिंडाची," ते म्हणाले. "आणि मी ती रोज जेवताना घेतो. ती नसती तर आज तुमच्यासमोर उभा नसतो."

मुलं सरांकडे बघत नव्हती. त्यांच्या मागे, दाराकडे बघत होती. दारात मोमीन सर उभे होते, हातात आम्लाची बाटली घेऊन. ती परत द्यायला आले असणार. त्यांनी बाटली आतल्या कट्ट्यावर ठेवली आणि निघून गेले.

दोन्ही नळ्या भोईर सरांनी स्टँडला लावल्या. "वहीत आकृती काढा," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मोमीन सर स्टाफरूममध्ये आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजेवर होते. तिसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत सरांना पेपरांचा गठ्ठा द्यायला गेले होते. सरांनी डबा नुकताच उघडला होता. दार धाडकन उघडून मोमीन सर आत आले आणि त्यांनी आपला डबा कट्ट्यावर आपटला.

"इतने महिने," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "इतके महिने तू इथं एकटा जेवतोस? मला काय समजलास तू?"

"मोमीन, बस. ऐक तरी..."

"तू ऐक. मी खोटं नाही बोलणार. त्या दिवशी मला किळस आली. घरी गेलो, साबणानं हात घासले, जेवलो नाही. अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, ज्यानं जीव वाचतो ते औषध आहे, त्याला दुसरं नाव देऊ नकोस. तरी मला दोन दिवस लागले." त्यांनी श्वास घेतला. "मला दोन दिवस लागले, याची मला शरम वाटते. पण तू मला ते दोन दिवससुद्धा दिले नाहीस. तू आधीच ठरवून टाकलंस की मोमीनला जमायचं नाही."

भोईर सरांनी उघडलेला डबा पुढ्यातून बाजूला सारला.

"औषध घेतलंस?" मोमीन सरांनी विचारलं.

"नाही अजून."

"घे. घे आधी."

सरांनी कॅप्सुल तोंडात टाकली, पाणी प्यायले. मोमीन सर ते डोळे न हलवता बघत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. ताटली मात्र पुन्हा एक झाली नाही. मोमीन सरांनी पिशवीतून दोन ताटल्या काढल्या, एक सरांपुढे ठेवली. "हाथ नहीं मानता अभी," ते खाली बघत म्हणाले.

"चालेल," सर म्हणाले. "शेजारी बस म्हणजे झालं."

त्यांचं तसंच चालू राहिलं. दोन ताटल्या, एक कट्टा. मला वाटतं, त्या दोघांनी एकमेकांशी जितका खरेपणा केला तितका मी फार थोड्या नवराबायकोंत पाहिलाय.

सरांना आणखी काही वर्षं मिळाली. आई त्यांच्या आधी गेली. त्यानंतर मोमीन सरांच्या घरून दोन डबे यायला लागले.

मग ऑपरेशनच्या जुन्या जागी आतडं अडकलं आणि ते पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी डॉक्टरांनी तोंडानं पाणीसुद्धा बंद केलं होतं. पुन्हा पोट उघडण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मी आणि मोमीन सर दुपारी भेटायला गेलो. मोमीन सर कॉलेजातून सरळ निघाले होते, त्यामुळे डब्याची पिशवी हातातच होती. आत गेल्यावर ती त्यांनी पाठीमागे लपवली.

सरांना ती दिसली. "काय आहे आज?"

"काही नाही."

"वास येतोय. बटाट्याची भाजी. मेथी पण."

मोमीन सरांनी मान खाली घातली.

"जेवा," सर म्हणाले.

"काय?"

"दोघंही जेवा. इथं, माझ्यासमोर. मला बघायचंय."

मी घाबरून मोमीन सरांकडे बघितलं. उपाशी माणसापुढे, ज्याला पाण्याचा थेंब वर्ज्य आहे त्याच्यापुढे, जेवायचं? "सर, नको. बरं दिसत नाही."

"मॅडम, माझं ऐका. किती दिवस झाले, कुणी जेवताना दिसलं नाही. सगळे येतात आणि तोंड पाडून बसतात."

मोमीन सरांनी डबा उघडला. त्यांच्याजवळ ताटली नव्हती. डब्याच्या झाकणात त्यांनी भाजी काढली, पोळी ठेवली आणि ते झाकण पलंगाच्या कडेवर, माझ्या आणि त्यांच्या मध्ये ठेवलं. आम्ही एकेक घास घेतला.

"चावून खा," सर म्हणाले. त्यांचे डोळे झाकणाकडून मोमीन सरांच्या तोंडाकडे आणि तिथून परत झाकणाकडे जात होते. "मीठ आहे बरोबर?"

"जरा कमी आहे," मोमीन सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुमच्याकडे कायम कमीच असतं. मेथी घे. मेथी घे ना रे."

मोमीन सर मेथीचा घास चावत होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. मीही खात होते. सरांचे सुकलेले ओठ आमच्याबरोबर हलत होते, अगदी थोडे. चेहरा तसाच, जसा वर्गात नळीतला रंग बदलताना व्हायचा.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून नर्स आली आणि तिथंच उभी राहिली. "अहो, हे काय? पेशंटला तोंडानं सगळं बंद आहे आणि तुम्ही त्यांच्यासमोर जेवताय? लाज नाही वाटत? उठा आधी!"

आम्ही चटकन उभे राहिलो. मोमीन सर झाकण उचलायला वाकले. सरांनी सलाईन लावलेला हात कसाबसा वर केला आणि त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं.

"सिस्टर, ओरडू नका," ते म्हणाले. "मी जेवतोय."